पुण्यात पहिली नोकरी: पहिला पगार येईपर्यंतचा हिशेब

ऑफर लेटर आलं की घरात बॅगेची चर्चा सुरू होते. आधी व्हायला हवी ती पैशांची. बऱ्याच कंपन्या महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी पगार करतात, पण त्याची यादी साधारण १५ ते २० तारखेच्या दरम्यानच बंद होते. त्यानंतर रुजू झालात, तर ते आठ-दहा दिवस पुढच्या महिन्यात धरले जातात. म्हणजे २२ तारखेला जॉइन झालेल्याच्या खात्यात पहिला पैसा चाळीसेक दिवसांनी पडतो. डिपॉझिट, ब्रोकरेज, पहिलं भाडं ही सगळी मोठी देणी नेमकी याच दिवसांत येतात. ऑफर स्वीकारतानाच एचआरला विचारून घ्या, 'या महिन्याचा पेरोल कट-ऑफ कधी आहे?' हा प्रश्न त्यांना रोज येतो, त्यात संकोच कसला?

दुसरा हिशेब सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचा. वर्षाला ४,२०,००० म्हणजे महिन्याला ३५,००० हातात, असं नसतं. समजा, बेसिक १५,००० आहे आणि १० टक्के रक्कम व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारी आहे. व्हेरिएबलचे ३,५००, कंपनीच्या वाट्याच्या पीएफचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे (बेसिकच्या ४.८१ टक्के) ७२० आधीच बाजूला निघतात. उरलेल्या २८,९८० मधून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जातो. हातात २६,९८०. फेब्रुवारीत प्रोफेशनल टॅक्स ३०० कापतात, ती चूक नव्हे. वर्षाचे २,५०० तसेच पूर्ण होतात. नव्या करपद्धतीत एवढ्या पगारावर इन्कम टॅक्स नाही आणि त्या पद्धतीत एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूटही नाही. त्यामुळे कुणी घरभाड्याच्या पावत्या गोळा करायला सांगितल्या, तरी तो खटाटोप या पगारावर फुकटचा.

घर सोडण्याआधी एक काम उरकाच: नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर नाव आधी, पॅनवर आपल्या नावात वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं. क्रमाचा फरक सहसा खपून जातो. इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा फरक मात्र नडतो, कारण पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा खाते क्रमांक) आधारवरून तयार होतो आणि पॅनवरचं नाव जुळलं नाही तर केवायसी अडकतं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हेही बघा. जुनं सिम बंद पडलं असेल, तर ओटीपीवाचून निम्मी कामं ठप्प होतात. ही दुरुस्ती गावाकडे एका सकाळी टाकून होते. पुण्यात नव्या नोकरीतून सुट्टी काढून करावी लागेल. मूळ गुणपत्रिका कंपनीने तपासून लगेच परत द्यायच्या असतात. ठेवून घेऊ म्हणाले, तर सरळ नाही म्हणा.

आता राहायचं कुठे? ऑफर लेटरवर बहुधा नुसतं 'पुणे' लिहिलेलं असतं. आयटी कंपन्यांची हिंजवडी शहराच्या पश्चिमेला, तशीच खराडी पूर्वेला, मध्ये पंचवीसहून अधिक किलोमीटर आणि अख्खं शहर. ट्रेनिंग एकीकडे आणि प्रोजेक्ट दुसरीकडे मिळणं नेहमीचं आहे. म्हणून प्रोजेक्टची जागा कळेपर्यंत अकरा महिन्यांचा करार करू नये, हे आमचं ठाम मत. पहिला महिना कॉट बेसिसवर किंवा पीजीत काढा. पैसे देण्यापूर्वी दोनच गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: सोडताना किती दिवसांची नोटीस आणि डिपॉझिटमधून 'मेंटेनन्स' म्हणून किती कापणार. वाद नेहमी या कापलेल्या पैशांवरूनच होतो.

उतरायचं कुठे, हेही ठरवून निघा. अमरावती-अकोल्याकडच्या ट्रॅव्हल्स वाघोली-खराडीकडून शहरात शिरतात, सोलापूरकडच्या हडपसरवरून. कोल्हापूर-सांगलीहून हिंजवडीला जायचं असेल, तर स्वारगेटच्या नव्हे, बायपासने जाणाऱ्या मुंबईच्या गाडीत बसा आणि वाकडला उतरा.

फ्लॅट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. सोमवारी सकाळी नऊला जा आणि तिथूनच ऑफिसला निघून बघा. भूमकर चौक आणि हिंजवडीचा शिवाजी चौक हे कोंडीचे चौक जाहिरातीतल्या 'दहा मिनिटां'चं काय करतात, ते तेव्हाच कळतं. पाण्याचं ब्रोकरला विचारून उपयोग नाही, वॉचमनला विचारा: टँकर दिवसाला किती येतात, उन्हाळ्यात किती? पिंपरी-चिंचवड महापालिका २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी देते आणि वाकड, पुनावळे, ताथवड्याच्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर चालतात. सोसायटी बॅचलर मुलामुलींना घेते का, हेही घरमालकाला नव्हे, सोसायटीच्या ऑफिसात विचारा. मालक हो म्हणतो आणि सामान गेटवर अडतं.

घर न बघता टोकन मागणारा माणूस फसवा समजा. ठरलेली गोष्ट अशी असते: मालक सैन्यात, बदली झालेली, फोटो झकास, भाडं कमी, 'गेट पाससाठी' थोडे पैसे पाठवा. पैसे मिळण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही.

तिघांत टू बीएचकेचा हिशेब घेऊ. भाडं २४,०००, डिपॉझिट तीन महिन्यांचं ७२,०००, ब्रोकरेज एका महिन्याचं २४,०००, शिवाय पहिलं भाडं. एकूण १,२०,००० डिपॉझिटपासून चावीपर्यंत, म्हणजे माणशी ४०,००० आणि करार वेगळा. वर पगाराचं गणित आधी मांडलं ते यासाठी.

करार म्हणजे लीव्ह अँड लायसन्स. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी ऑनलाइन होते, एजंट बायोमेट्रिक यंत्र घेऊन घरी येतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: अकरा महिन्यांचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर. वरच्या उदाहरणात ते ७०० रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. वर ३०० हाताळणी खर्च. म्हणजे सरकारी खर्च दोन हजारांच्या घरात. एजंटने पाच हजार मागितले, तर उरलेले त्याचे, हे कळून घासाघीस करा.

करारात तिघांचीही नावं आणि अंगठे हवेत. एकाच्याच नावावर केला, तर बाकी दोघांना पत्त्याचा पुरावा मिळत नाही आणि डिपॉझिट कायद्याने त्या एकाचं ठरतं. लॉक-इन (ज्यात घर सोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती आणि रंगकामाचे पैसे कोण देणार, हे तीन मुद्दे सहीआधी वाचा. 'सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगसाठी' ही ओळ बऱ्याच मसुद्यांत गुपचूप असते. ती खोडता येते किंवा रक्कम ठरवता येते, पण आधी; नंतर नाही. तिघांपैकी एक जण मध्येच गेला तर त्याचं डिपॉझिट मालक देत नाही, त्याच्या जागी येणारा देतो. हे आपसात लिहून ठेवा, मैत्री असली तरी.

चावी मिळाल्या दिवशी वीज मीटरचा रीडिंगसह फोटो काढा आणि ग्राहक क्रमांक महावितरणच्या ॲपवर टाकून थकबाकी बघा. पहिलं बिल बहुधा आधीच्या भाडेकरूच्या दिवसांचंही असतं. नळ, गिझर, दारांचे फोटो त्याच दिवशी मालकाला पाठवा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं राहून जातं: हिंजवडी-वाकड २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, पुणे पोलिसांत नव्हे.

गॅस कनेक्शनसाठी अडू नका, ५ किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय ओळखपत्रावर मिळतो. डबा लावताना महिन्याचे पैसे एकदम देऊ नका, आठवडाभर खाऊन बघा. गाडी गावाहून आणायची तर रेल्वे पार्सलला टाकी पूर्ण रिकामी, आरसी आणि विम्याची प्रत लागते. पॅकिंगचे पैसे वेगळे. राज्यातल्या राज्यात नंबर बदलावा लागत नाही.

आई-वडिलांना कंपनीच्या आरोग्य विम्यात घालायची सोय असेल, तर त्याची मुदत बहुतेक ठिकाणी जॉइनिंगपासून महिनाभरच असते. ती चुकली की पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. हप्ता पगारातून कापला जातो, तो किती हे विचारून पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरा. त्यांच्या जन्मतारखा आधारवर आहेत तशाच.