अ‍ॅस्टनवर काय लिहायचं?

न्यूज चॅनेलमध्ये गेस्ट डेस्क म्हणून एक टेबल असतं. सीमेवर काही घडलं की त्या टेबलावरच्या माणसांचं जेवणखाण संपतं. महापे एमआयडीसीतल्या एका चॅनेलात मी हेच काम करते. पाहुणा शोधायचा, गाडी पाठवायची, चहा विचारायचा आणि बोलताना त्याच्या चेहऱ्याखाली नाव-हुद्द्याची जी पट्टी येते, तिचा मजकूर ग्राफिक्सला द्यायचा. या पट्टीला आम्ही अ‍ॅस्टन म्हणतो.

9 मे 2025, शुक्रवार. आदल्या रात्री पाकिस्तानने ड्रोन सोडले होते आणि संध्याकाळच्या सरकारी पत्रकार परिषदेत आकडा आला: लेहपासून सर क्रीकपर्यंत 36 ठिकाणी 300 ते 400 ड्रोन. रात्रीचा शो अर्थातच ड्रोनवर. स्टुडिओत सारखा सायरन वाजत होता, तोही आमचाच, पार्श्वसंगीत म्हणून. (दुसऱ्या दिवशी गृह मंत्रालयाकडून असले सायरन वाजवू नका अशी सूचना आली, तेव्हा कानांना जरा आराम मिळाला.)

घोडबंदर रोडला राहणारे एक निवृत्त ब्रिगेडियर आमचे नेहमीचे पाहुणे. हवाई संरक्षणात हयात घालवलेला आणि चांगलं मराठी बोलणारा माणूस अशा दिवशी मिळणं म्हणजे लॉटरीच. गाडी आधी माजिवड्याला अडकली, मग विटाव्याला. शो सुरू व्हायच्या जेमतेम आधी ते मेकअपच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, "माझ्या नावाखाली काय लिहिता तुम्ही?"

"संरक्षण तज्ज्ञ, सर. नेहमीचंच."

"या महिन्यापासून मी एका कंपनीचा सल्लागार झालोय. ड्रोन हुडकून पाडायची यंत्रणा बनवतात. आज विषयच तो आहे, तर तेही लिहा."

असं आपणहून सांगणारा पाहुणा मी पहिल्यांदाच बघत होते. धावत पीसीआरमध्ये, म्हणजे शोच्या कंट्रोल रूममध्ये गेले. आमचे प्रोड्युसर दादा म्हणाले, "वेड लागलंय का? कंपनीचं नाव पडद्यावर गेलं तर फुकटात जाहिरात झाली. सेल्सवाले उद्या माझ्या डोक्यावर बसतील."

म्हटलं, नाव नको, नुसतं 'ड्रोनविरोधी यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीचे सल्लागार' लिहू.

"मग लोक त्यांचं ऐकतील कशाला?"

घाईत तोंडून गेलं असेल, पण खरं उत्तर तेच होतं. आमच्याकडे सकाळी शेअर बाजाराचा कार्यक्रम असतो. त्यात कुणी एखादा शेअर घ्या म्हणालं की त्याच्याकडे स्वतःकडे तो आहे का, हे सांगावं लागतं. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2014 पासून रिसर्च अ‍ॅनालिस्टना तसा नियमच घातलाय. मी ते काढलं, तर दादा हसले. "तोफांना सेबी नसते गं. जा, संरक्षण तज्ज्ञ दे." मी दिलं.

शो सुरू झाल्यावर अँकरने पहिल्या फेरीतच विचारलं, "सर, आपण आता आणखी काय खरेदी करायला हवं?" ब्रिगेडियर साहेब म्हणाले, "याचं उत्तर मी देणं बरोबर नाही, कारण अशी यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीशी माझा..." टॉकबॅकवर, म्हणजे अँकरच्या कानात, दादा ओरडले, "पुढे चल, पुढे चल!" अँकरने वेळ कमी असल्याचं सांगून दिल्लीच्या विंडोतल्या पाहुण्याकडे मोर्चा वळवला. तेही निवृत्त अधिकारी. त्यांनी एका यंत्रणेचं नाव घेऊन तिची अशी तारीफ केली की कंट्रोल रूममधली पोरं गूगल करायला लागली. त्यांच्या अ‍ॅस्टनवरही 'संरक्षण तज्ज्ञ'च होतं. सध्या ते कुठे काम करतात, हे मी विचारलेलं नव्हतं. आमच्याकडे तसं विचारायची पद्धतच नाही.

निवृत्तीनंतर नोकरी करण्यात काही वावगं नाही, हे मला नीट कळतं. ब्रिगेडियर 56 व्या वर्षी घरी बसतो. घराचे हप्ते, पोरांची शिक्षणं बाकी असतात आणि त्याला जे येतं त्याची किंमत याच कंपन्यांना कळते. प्रश्न आहे तो प्रेक्षकाला सांगायचं की नाही एवढाच.

परतीच्या गाडीची वाट बघताना साहेब अमेरिकेतल्या प्रकाराबद्दल बोलले. घरी येऊन मी ते वाचून काढलं. 20 एप्रिल 2008 ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये डेव्हिड बारस्टोने छापलं होतं की इराक युद्धाच्या काळात चॅनेलांवर झळकणाऱ्या 75 हून अधिक निवृत्त अधिकाऱ्यांना पेंटागॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, खास ब्रीफिंग देत होतं, ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगाच्या सहली घडवत होतं. त्यातल्या बहुतेकांचे लष्करी कंत्राटदारांशी धंद्याचे संबंध होते आणि प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. वर्तमानपत्राने कोर्टात जाऊन सुमारे 8,000 पानं मिळवली होती. 2009 चं पुलित्झर हे पत्रकारितेचं पारितोषिक त्या कामाला मिळालं. आणि 2011 मध्ये पेंटागॉनच्याच महानिरीक्षकांच्या कार्यालयाने निष्कर्ष काढला की हा सगळा कार्यक्रम नियमांत बसत होता! ते वाचून मला आमचे दादाच आठवले.

24 जूनला संरक्षण मंत्रालयाने तातडीच्या खरेदीचे 13 करार जाहीर केले, 1,981.90 कोटींचे. यादीत ड्रोन शोधून निकामी करणाऱ्या यंत्रणा होत्या. ती बातमी आम्ही दाखवली. चर्चेसाठी पाहुणे बोलवायचे ठरल्यावर मी ब्रिगेडियर साहेबांचं नाव सुचवलं. दादा म्हणाले, "ते नकोत, मुद्दा सोडून बोलतात. दिल्लीवाले लाव."

मी आता पाहुण्यांच्या एक्सेलमध्ये 'सध्या काय करतात' असा एक रकाना टाकलाय आणि फोनवर प्रत्येकाला विचारते. काही जण सरळ सांगतात, काही जण "तुम्हाला कशाला हवंय?" म्हणतात. दिल्लीवाले म्हणाले, "कन्सल्टन्सी." कसली ते विचारलं, तर म्हणाले मीटिंगमध्ये आहे. तो रकाना ग्राफिक्सकडे जात नाही.