चाकणच्या तीन फेऱ्या

नाशिकहून पहाटे पाचची एसटी धरली की सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, मंचर करत दहाच्या सुमारास चाकणच्या तळेगाव चौकात उतरता येतं. ट्रॅफिक नसेल तर. हे आता पाठ झालंय, कारण एका नोकरीपायी ही वारी मी तीनदा केली.

मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात क्वालिटीत आहे, नऊ वर्षं झाली. चाकणच्या कंपनीत जागा निघाली, ओळखीच्या एकाने बायोडेटा पुढे सरकवला आणि एचआरच्या मॅडमचा फोन आला, "गुरुवारी साडेदहाला या. लोकेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते." ते आलंच नाही. विचारत विचारत गेट शोधलं, सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये 'कोणास भेटायचे' या रकान्यात मॅडमचं नाव लिहिलं. गार्डनं ते वाचलं आणि म्हणाला, "मॅडम आज सुट्टीवर." फोन बंद. केबिनबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. शेवटी त्या गार्डनेच आत चार ठिकाणी फोन फिरवले आणि दीड वाजता एक साहेब जेवण आटोपून बाहेर आले. त्या सगळ्या कंपनीत मला वेळच्या वेळी खरी माहिती देणारा माणूस तो एकच.

मुलाखत मात्र झकास झाली, तेच तर दुखणं. साहेबांनी एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर पुढ्यात ठेवला. ड्रॉइंगवर 20 मिमी एच9, म्हणजे 19.948 ते 20.000. सरळ मापलं तर 20.01 येत होतं, रिजेक्ट. पण मी आधी मायक्रोमीटरची तोंडं पुसून, मिटवून बघितली होती. शून्याच्या जागी तो 0.02 जास्त दाखवत होता. तेवढं वजा केलं की पीस ओके. साहेब हसले. म्हणाले, "झीरो बघणारे तुम्ही पहिलेच." परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात चाकणला खोलीसुद्धा बघून टाकली.

दुसरी फेरी प्लांट हेडसाठी. पोचल्यावर कळलं, ते दुसऱ्या प्लांटला गेलेत. "तुम्हाला मेल केला होता ना?" नव्हता केला. तीच मुलाखत पुढच्या आठवड्यात फोनवर सात मिनिटांत उरकली.

तिसऱ्यांदा पगाराचं. तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, सगळ्याच्या झेरॉक्स. आकडा ठरला. मॅडम म्हणाल्या, "दोन दिवसांत ऑफर लेटर येईल. नोटीस पिरियड महिन्याचा आहे ना? मग राजीनामा आजच टाकून ठेवा." घरी सांगितलं तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "कागद हातात पडू दे आधी." नशीब, तिचं ऐकलं.

दोन दिवसांचे वीस झाले. मेसेजवर निळ्या टिका, उत्तर नाही. फोन केला की "मीटिंगमध्ये आहे, करते." आमच्या धंद्यात गाड्यांच्या कंपनीकडून तक्रार आली की बहुतेक ठिकाणी चोवीस तासांत पहिलं उत्तर जावं लागतं. कारण सापडलेलं नसतं, तरी 'संशयित माल बाजूला काढलाय, शंभर टक्के तपासणी चालू आहे' एवढं कळवायचंच. एट-डी, म्हणजे तक्रार निवारणाची आठ पायऱ्यांची पद्धत, तिच्यात त्याची वेगळी पायरी आहे. ही कंपनीही गाड्यांचेच पार्ट बनवते. तिथल्या क्वालिटीने ग्राहकाला असं टांगून ठेवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा माणूस दारात उभा राहिला असता. मी कोणाच्या दारात उभा राहणार? तिथला बाक बघून झाला होता.

अखेर त्या ओळखीच्यानेच सांगितलं. ग्राहकाचं शेड्यूल घटलं म्हणून जागा होल्डवर गेली होती, आणि हे माझ्या तिसऱ्या फेरीच्या आधीच ठरलं होतं. मॅडमना बहुधा आतून कोणी सांगितलंच नव्हतं. हे कळल्यावर त्यांच्यावरचा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा राजीनाम्याच्या सल्ल्यासाठी ठेवलाय.

परवा सोमवारी त्याच कंपनीतून वेगळ्याच मुलीचा फोन आला. तीच जागा, "सर, इंटरेस्टेड आहात का?" माझी आधीची मुलाखत तिच्याकडे कुठेच नोंदलेली नव्हती. मी म्हटलं, येतो, पण तारीख, वेळ आणि कोण भेटणार त्यांचं नाव आधी मेलवर पाठवा. "हो सर, लगेच पाठवते."

आज शुक्रवार. अजून काही आलेलं नाही.