भिंत बंद होण्याआधी

सोमवारी सकाळी साडेसात वाजता मी आमच्या उघड्याबोडक्या बाथरूममध्ये उकिडवी बसून प्रेशरच्या घड्याळाकडे बघत होते. आदल्या संध्याकाळी प्लंबरने सगळ्या नळांच्या जागी डमी, म्हणजे तोंड बंद करणारी बुचं, लावली, गळती तपासायला हातपंपाने पाइपांत पाणी दाबून काटा सहा किलोवर आणला आणि तो घरी गेला. सकाळी काटा साडेचारवर, म्हणजे कुठेतरी पाणी गळत होतं.

प्लास्टरवाला मिस्त्री तोवर माल कालवायच्या तयारीत होता. "ताई, एवढं तर उतरतंच," तो म्हणाला. मी त्याला परत पाठवलं. त्याचा दिवस बुडला, तो मी भरून दिला.

मुलुंड पूर्वेची आमची इमारत १९८१ सालची, चार मजली. आम्ही तिसऱ्यावर. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला सहा वर्षं ओल होती. पावसाचं पाणी मुरतंय, असं आम्ही धरून चाललो होतो. पण थेंब मे महिन्यातही पडायचा. काकू कपड्यांची बादली त्या थेंबाखाली ठेवायच्या आणि जिन्यात भेटल्या की आईच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या. आवाज एकदाही चढवला नाही. या दुरुस्तीत माझा जीव अडकला होता तो त्यांच्या छतात.

फोडल्यावर कारण दिसलं. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, आणि खाली जाणारा पाइप यांच्या जोडात बोटभर फट पडली होती. भिंतीतले जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पाइप तर आतून गंजाने इतके भरले होते की अर्ध्या इंची पाइपात पेन्सिल जेमतेम शिरली. त्यातून आलेलं पाणी आम्ही चाळीस वर्षं वापरलं.

आता सगळे पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे, घातले. त्यातलाच एक जोड सोमवारी दगा देत होता. साबणाचं पाणी लावून काही दिसेना, म्हणून प्लंबरने प्रत्येक जोडाला टिश्यू पेपर गुंडाळला आणि काटा पुन्हा चढवला. तासाभराने शॉवरच्या डायव्हर्टरमागचा (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणाऱ्या खटक्यामागचा) कागद ओला झाला. पितळी आट्यांच्या एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, केसासारखी चीर होती. जोडताना पान्याने जास्त आवळलं गेलं होतं. सत्तर रुपयांचीही वस्तू नाही ती, पण टाइल्स लागल्यावर तिच्यासाठी अख्खी भिंत फोडावी लागली असती. तो एल्बो बदलला आणि दुसऱ्या रात्री काटा हलला नाही.

पाइपाच्या मापावरूनही आमची चर्चा झाली. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. आमच्या नळापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सात मीटरही नाहीत, म्हणजे मुळात दाबच कमी. अशा घरात सगळीकडे अर्धा इंची पाइप फिरवला तर शॉवरला धार येत नाही. आम्ही आत येणारी लाइन एक इंची घेतली, पुढे पाऊण आणि फक्त नळापाशी अर्धा. वळणंही शक्य तेवढी टाळली. पंप लावावा लागला नाही.

वायरिंगबद्दल लिहिताना मात्र मला अजून अपराधी वाटतं. जुनं काम लाकडी पट्टीवरचं, अॅल्युमिनियमच्या तारा, चिनी मातीचे फ्यूज. गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, असं आई दोन वर्षं सांगत होती. "आधी बंद कर, मग आंघोळ कर," यापलीकडे आम्ही काही केलं नाही. वायरमनने बोर्ड उघडला, तेव्हा अर्थिंगची तार तिथवर पोचलेलीच नव्हती. आईचं वय ७९.

त्याने मला शांतपणे समजावून सांगितलं. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच, तार जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे तो बघत राहतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तोडतो. दोन हजार वॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, त्याला आणि एसीला त्याने चार स्क्वेअरची (चार चौरस मिलिमीटर जाडीची) तार स्वतंत्र ओढली. सॉकेटना अडीच, दिव्यांना दीड. प्रत्येक पॉइंटला अर्थिंगची हिरवी तार, दिव्यांनासुद्धा. तारा मी स्वतः लोहार चाळीत, मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, जाऊन आणल्या.

झिऱ्या मारताना, म्हणजे तारा-पाइपांसाठी भिंतीत खाचा पाडताना, मी एका बाबतीत कडक राहिले. स्विचबोर्ड खांबावर आला तर जागा बदलायची, खांब-बीमला छिन्नी लावायची नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कजवळची चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर काम चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. आमच्यापासून पाच स्टेशनांवर. फ्रिजचा बोर्ड त्यामुळे थोडा अडनिड्या जागी आलाय. असू दे.

प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीला टेप धरून फोटो काढले: जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती. त्याचा उपयोग लगेच झाला, कारण कमोडशेजारी आईसाठी हँडल लावायचं होतं आणि ड्रिलच्या खुणेपासून दोन इंचांवर गरम पाण्याचा पाइप निघाला.

मग ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, आणि वॉटरप्रूफिंग. नहाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये तीन इंच पाणी भरलं आणि तीन दिवस ठेवलं. रोज संध्याकाळी मी टॉर्च घेऊन काकूंकडे जायचे. तिसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी बादली उचलून तिथे वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं, सकाळपासून. त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं. मी दोन्ही बाजूंनी हात फिरवला. कोरडं होतं.

"आता लाव तुझ्या टाइल्स," काकू म्हणाल्या.