आईची पट्टी सापडली

तीन आठवडे गिटारवर एफचा बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून वाजवायचा स्वरमेळ, नुसता खडखडत होता. आज ऊन उतरल्यावर, धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर, सहाही तारा पहिल्यांदा स्वच्छ बोलल्या! तर्जनी सपाट न दाबता किंचित कडेवर वळवली, अंगठा गिटारच्या मानेमागे मधोमध आणला, एवढंच. मग बोटांचा तोच आकार फ्रेटांवरून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या खुणांवरून, सरकवत गेले. तिसऱ्या फ्रेटवर जी, पाचव्यावर ए, आठव्यावर सी. सहाव्या तारेवरचा सूर कॉर्डचं नाव ठरवतो, हे वहीत कधीचं लिहिलेलं. हाताला आज कळलं.

आईची गाण्याची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीवरचा चौथा काळा सूर; गिटारवर तो जी शार्प. त्यासाठी मोकळ्या तारांचा सोपा ओपन कॉर्डच नाही, म्हणून आजवर तिला साथ देता आली नव्हती. आज चौथ्या फ्रेटवर बोट ठेवलं.

"हीच नं माझी पट्टी?" आई म्हणाली, आणि गायला लागली.