बाज सोडा!

आमच्या बालनाट्यात मी बिबट्या असतो. गुडघे दुखणारा, स्पंजचं डोकं घातलेला बिबट्या. त्या डोक्याचे पिवळे डोळे नुसते रंगवलेले आहेत. मला दिसतं ते जबड्यात लावलेल्या काळ्या जाळीतून, आणि तेही जेमतेम पहिल्या तीन रांगा. बाकीचं प्रेक्षागृह कानांनी ओळखायचं. त्यामुळे त्या दिवशी जे झालं ते मी अर्धं पाहिलंय आणि अर्धं ऐकलंय.

जानेवारीतली गोष्ट. शाळांच्या सहली आणि स्नेहसंमेलनं एकत्र येतात तो आमचा खरा हंगाम. नाशिकला, शालिमारजवळच्या कालिदास कलामंदिरात सकाळी साडेदहाचा प्रयोग होता. आधी पाऊण तासाचं नाटक आणि मग बाहेर लॉबीत प्रदर्शन, हा आमचा नेहमीचा क्रम. प्रदर्शनात ट्रॅप कॅमेऱ्यातले फोटो असतात. प्रत्येक बिबट्याच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी, तेव्हा दोन फोटोंतला प्राणी एकच की वेगळा हे मुलांनी शोधायचं. प्लास्टरचे पाऊलठसेही असतात. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या ठशात उमटत नाहीत, कारण चालताना तो नखं आत ओढून घेतो. एका फलकावर १९७२चा वन्यजीव कायदा आणि वनविभागाचा १९२६ हा नंबर. शहरातल्या वसाहतींमधून बिबट्या फिरून जायला लागल्यापासून शाळा हा कार्यक्रम स्वतःहून मागतात.

त्या दिवशी दोन शाळा होत्या. एक गंगापूर रोडकडची. दुसरी गोदाकाठची, निफाड तालुक्यातली, एसटीने आलेली. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते. ही पोरं कानटोप्या न काढताच येऊन बसली. गंगापूर रोडवाली डावीकडे, गोदाकाठची उजवीकडे.

नाटक सोपं आहे. आजी, नात आणि शेळी. बिबट्या शेळी पळवायला येतो, फजित होतो, विहिरीत पडतो आणि संपतो. सगळी मजा एका प्रश्नात आहे. मी पुढे येऊन मुलांना विचारतो, "शेळी कुठं गेली रे?" शेळी डावीकडे पळालेली असते आणि सगळी मुलं ओरडतात, "उजवीकडे!" पन्नासेक प्रयोगांत हे चुकलेलं नाही. बिबट्याला खोटं सांगायला मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

माझी एंट्री डरकाळी फोडून होते. मी डरकाळी फोडली, डावीकडून हशा आला. उजवीकडून काहीच नाही. आधी वाटलं, सरांनी बसमध्ये दम दिला असेल. ग्रामीण शाळा पहिल्यांदा नाट्यगृहात आली की असं होतं, पोरं कीर्तनाला बसल्यासारखी बसतात. मी नेटाने पुढे गेलो. नात झालेली मुलगी ठरल्याप्रमाणे उसाच्या कटआउटमागे वाकून लपली.

आणि उजवीकडून एक आवाज आला. "ए, वाकू नको! उभी राहा!"

मग दुसरा, मग दहा. "खाली बसू नको! पळू नको! हात वर कर!" जाळीतून दिसलं की पहिल्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर उभी राहिली आहेत आणि टाळ्या वाजवत हाकारा घालताहेत. ती गंमत करत नव्हती. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून बिबट्यासमोर वाकायचं नाही, हे त्यांच्या वाडी-वस्तीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या फलकावरही हेच लिहिलं होतं. ठळक अक्षरात, मीच लिहिलेलं. आणि फलकापासून पन्नास पावलांवर, रंगमंचावर, आमची नात दोन वर्षं वाकून लपत होती! दिग्दर्शकाच्या, नटांच्या, एवढ्या शिक्षकांच्या नजरेतून ते सुटलं होतं.

नात गोंधळून उभी राहिली. टाळ्या वाढल्या. आता डावीकडची मुलंही सामील झाली. मी अडखळत मागे सरलो, शेळीचा प्रश्न राहूनच गेला, आणि दुसरं काही सुचेना म्हणून दहा मिनिटं आधीच विहिरीत पडलो.

आमची विहीर म्हणजे प्लायवूडचं पिंप. आत जुनी गादी. त्यावर मी पडून राहायचं, वर आजी-नात नाचतात, गाणं संपतं, पडदा. गाणं सुरू झालं. पण गाण्यावरून ओरडा ऐकू यायला लागला. स्पंजच्या डोक्यात शब्द कळेनात. डोकं थोडं उचललं तेव्हा कळलं.

"बाज सोडा! बाज सोडा!"

आजीचं काम करणारी आमची नटी सगळ्यांत अनुभवी. तिने हाताने गाणं थांबवलं आणि विचारलं, "काय सोडू रे बाळांनो?"

सगळे एकदम सांगू लागले. विहिरीत पडलेला बिबट्या पोहून पोहून दमतो, म्हणून चारी कोपऱ्यांना दोर बांधून बाज, म्हणजे खाट, खाली सोडतात. तो तिच्यावर बसून राहतो. मग वनविभागाची गाडी येते. कठडा नसलेल्या विहिरी आमच्या जिल्ह्यात काही कमी नाहीत, आणि रात्री कुत्र्याच्या मागे धावणारा बिबट्या विहिरीत पडल्याची बातमी आपण चहाबरोबर वाचून पान उलटतो. या पोरांनी ते काठावर उभं राहून पाहिलेलं होतं.

बाज कुठून आणायची? आजी विंगेत गेली आणि लाइटवाल्याची शिडी ओढत घेऊन आली. शिडीचं टोक पिंपात आलं आणि माझ्या स्पंजच्या कानात घुसलं. मी चढणार, तेवढ्यात पुन्हा कालवा. "आधी पिंजरा! आधी पिंजरा, मग शिडी!"

बरोबरच होतं. आजीने विंगेतून कपड्यांचा स्टँड आणून विहिरीला लावला, हा पिंजरा म्हणून जाहीर केलं आणि पोरांकडून मंजूर करून घेतलं. मी चढलो आणि दोन हँगरांमध्ये उभा राहिलो. त्या टाळ्यांसारख्या टाळ्या मला आजवर मिळालेल्या नाहीत. पण त्या माझ्यासाठी नव्हत्या हेही कळत होतं.

नंतर लॉबीत मी डोकं काखेत धरून चहा घेत होतो. ठशांच्या टेबलाशी एक पोरगा, पाचवीतला असेल. तो ठशांकडे एकदा बघून माझ्याकडे वळला.

"तुम्हीच होते का वाघ?" गोदाकाठी बिबट्याला वाघच म्हणतात.

"हो. कसा वाटला?"

"आवाज चुकला. असा नाही वरडत तो. लाकूड कापल्यावानी करतो." आणि त्याने घशातून करवत चालवून दाखवली. एकदा पुढे, एकदा मागे. शेजारच्या बाई दचकल्या.

मग सांगत गेला. आठवडाभर रात्रीची लाइट असते, तेव्हा वडील कांद्याला पाणी भरायला जातात, बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून. गाणी ऐकू येतात तोवर आई झोपत नाही. दिवाळीत त्यांचं कुत्रं नेलं. ऊसतोडीच्या वेळी बांधाला तीन बछडे सापडले होते, वनविभागाने ते रात्री क्रेटमध्ये तिथेच ठेवले आणि मादी येऊन घेऊन गेली.

मी विचारलं, "कुत्रं नेलं, तरी त्याच्यासाठी बाज सोडायची?" खरं सांगायचं तर, पेपरात छापण्यासारखं काहीतरी उत्तर मला हवं होतं.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की डोकं परत घालावंसं वाटलं. "मग काय आतच ठेवायचा का? विहीर प्यायची आहे."

तेवढ्यात त्यांच्या सरांनी शिट्टी मारली आणि तो बसकडे पळाला.

आता नात वाकत नाही, हात वर करून उभी राहते. डरकाळीच्या जागी मी करवत चालवतो. त्यावर शहरातले पालक प्रयोगानंतर येऊन सांगतात, दादा, घसा बसलाय, हळद-दूध घ्या. आणि सामानात एक सुंभाची बाज वाढली आहे. ती टेम्पोत आडवी बसत नाही, म्हणून टेम्पोवाला दर वेळी जास्तीचे पैसे मागतो.