‘हंगर’ दाखवला त्या संध्याकाळी

चित्रपट संपल्यावर सभागृहातले दिवे कधी लावायचे, याला आमच्या कामात फार महत्त्व असतं. श्रेयनामावली सुरू झाली की लोक मोबाइल काढतात, पिशव्या गोळा करतात, आणि आत्ता काय बघितलं ते मनात उतरायच्या आधीच त्यांच्या डोक्यात पार्किंग सुरू होतं. त्या दिवशी मी प्रोजेक्शन सांभाळणाऱ्या दादांना आधीच सांगून ठेवलं होतं: शेवटचं अक्षर पडद्यावरून जाईपर्यंत अंधार राहू द्या. त्यांनी तो राहू दिला. मग दिवे लागले, तरी कुणी जागचं हललं नाही.

पुण्यातल्या एका फिल्म क्लबचं काम मी बघते. चित्रपट निवडायचा, त्यावर दोन पानांचं टिपण लिहून ते दारात वाटायचं, आणि नंतरची चर्चा चालवायची. ‘हंगर’ दाखवावा असं माझ्या मनात बरीच वर्षं होतं. स्टीव्ह मॅक्वीन या ब्रिटिश दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. 2008 साली कान महोत्सवात पदार्पणासाठीचा ‘कॅमेरा द ओर’ पुरस्कार त्याला मिळाला. विषय उत्तर आयर्लंडमधल्या मेझ तुरुंगातल्या 1981च्या उपोषणाचा. सूचनेत मी स्पष्ट लिहिलं होतं की मारहाण आहे, नग्नता आहे, विष्ठेनं माखलेल्या भिंती आहेत आणि एका माणसाचं उपासमारीनं झिजत जाणं अगदी जवळून दिसतं. लहान मुलांना आणू नये.

टिपणात पार्श्वभूमी दिली होती, कारण चित्रपट ती फारशी देत नाही. 1 मार्च 1976 नंतरच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्यांना राजकीय कैद्याचा विशेष दर्जा मिळणार नाही, असं ब्रिटिश सरकारनं ठरवलं. आयआरए, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणारी आयरिश सशस्त्र संघटना, तिच्या कैद्यांनी तुरुंगाचे कपडे घालायचं नाकारलं आणि ते नुसती ब्लँकेटं पांघरून राहू लागले. पुढे अंघोळ सोडली, कोठड्यांच्या भिंती घाणीनं माखल्या. 1980च्या अखेरीला एक उपोषण होऊन गेलं, पण त्यातून हाती काही लागलं नाही. मग 1 मार्च 1981 रोजी, त्या निर्णयाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, त्यांच्यातल्या बॉबी सँड्स या कैद्यानं अन्न सोडलं. 9 एप्रिलला तो तुरुंगातूनच ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. 5 मे रोजी, उपोषणाच्या 66व्या दिवशी तो गेला, तेव्हा त्याचं वय 27 होतं. त्याच्यामागोमाग आणखी नऊ जण गेले.

चित्रपट चालू असताना मी पडद्यापेक्षा माणसांकडेच जास्त बघते. मागच्या दाराशी उभं राहिलं की पाठीवरूनही पुष्कळ कळतं. दंगलविरोधी पथकातले पोलीस दोन रांगा करून उभे राहतात आणि कैद्यांना त्यांच्यामधून फरफटत नेत लाठ्यांनी झोडपतात, तो प्रसंग आला तेव्हा पाठी ताठ झाल्या, पण बाहेर कुणी गेलं नाही. त्याच प्रसंगात एक तरुण पोलीस भिंतीआड जाऊन रडतो. तिथे कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला. मग सँड्स आणि पाद्री यांचं संभाषण. कॅमेरा जवळजवळ सतरा मिनिटं एका जागी. टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसून सिगारेट ओढतात आणि बोलतात. तोवर चित्रपटात शब्द इतके थोडे असतात की लोक त्या बोलण्यावर तुटून पडले. बायबलची पानं फाडून विड्या वळण्यावरून विनोद होतो, त्याला हसूही आलं.

लोक उठले ते त्यानंतर, म्हणजे मारणं संपून सेवाशुश्रूषा सुरू झाल्यावर. डॉक्टर जखमांना मलम लावतायत, मदतनीस सँड्सला अंघोळीच्या टबातून उचलतोय, खाटेजवळ जेवण ठेवलंय. एक तरुणी जवळजवळ पळतच बाहेर गेली. मी तिच्यामागे गेले.

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी पाण्याची बाटली पुढे केली. ती म्हणाली, “मारहाण बघितली मी. हे नाही बघवत.” आणि मग रागानं, अगदी थरथरत, “माझ्या बाबांना शेवटी पाण्याचा घोटसुद्धा उतरत नव्हता. रोज विचारायचे, आज काय केलंय जेवायला. आणि याच्यापुढे जेवण वाढून ठेवलंय, आणि हा तोंड फिरवतो?” मी काही समजावलं नाही. समजवण्यासारखं काही नव्हतंच. ज्या घरात अन्नाला पाठ दाखवू नये असं शिकवतात आणि ज्या घरानं घशाचा कॅन्सर बघितलाय, तिथला तो राग होता. चर्चा सुरू होईपर्यंत ती आपणहून परत आत येऊन शेवटच्या रांगेत बसली.

चर्चेत पहिला हात एका विद्यार्थ्याचा. “मॅडम, सिनेमा याला येशू करून टाकतो. यानं केलं काय होतं, ते सांगतच नाही.” प्रश्न रास्त होता. सँड्सला चौदा वर्षांची शिक्षा झाली होती, फर्निचरच्या एका दुकानातल्या बाँबस्फोटानंतर गाडीत पिस्तूल सापडलं म्हणून. ज्या संघटनेचा तो होता, तिनं 1978च्या फेब्रुवारीत बेलफास्टजवळच्या ला मॉन हॉटेलात बाँब फोडून बारा माणसं जाळून मारली होती. हे मी सगळं सांगितलं. तुरुंगाधिकारी वृद्धाश्रमात आईला भेटायला जातो आणि तिच्यासमोरच त्याच्या डोक्यात गोळी घालतात, तेही याच चित्रपटात आहे, याची आठवण करून दिली. पण एव्हाना सभागृह तापलं होतं. एक आजोबा येरवड्यातल्या 1932च्या गांधीजींच्या उपोषणाशी तुलना करू लागले, दुसऱ्यांनी विनोबांचं प्रायोपवेशन काढलं, तिसऱ्यांना तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थॅचरबाईंवर बोलायचं होतं. तो बरोबर की चूक, एवढ्यावर पंधराएक मिनिटं गेली. माझ्या अनुभवात अशी चर्चा कुठेही पोहोचत नाही. जो तो घरून आणलेलं मत तसंच घरी घेऊन जातो.

तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. म्हणाल्या, “मी सिस्टर आहे, तीस वर्षं वॉर्डात काढली. मला एवढंच विचारायचंय, राइल्स ट्यूब का नाही टाकली?”

राइल्स ट्यूब म्हणजे नाकातून पोटापर्यंत घालून अन्न द्यायची नळी. सभागृह गप्प झालं. याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते महत्त्वाचं आहे. 1973-74 साली डोलर्स आणि मॅरियन प्राइस या आयरिश बहिणींनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात दोनशेहून अधिक दिवस उपोषण केलं, तेव्हा त्यातले दीडशेहून अधिक दिवस त्यांना नळीनं बळजबरीनं अन्न दिलं गेलं. त्यावरून एवढा गदारोळ झाला की 1974 साली ब्रिटननं ती पद्धत सोडली. पुढच्याच वर्षी जागतिक वैद्यक संघटनेच्या टोकियो जाहीरनाम्यानं सांगितलं की परिणाम समजून-उमजून कैदी अन्न नाकारत असेल, तर डॉक्टरनं त्याला कृत्रिमरीत्या खाऊ घालू नये. म्हणून मेझच्या डॉक्टरांनी जखमा धुतल्या, मलम लावलं, पण नळी घातली नाही. शुद्ध हरपल्यावर निर्णय घरच्यांच्या हाती जाई. जुलैअखेर एका आईनं मुलाला वाचवा म्हणून सांगितलं, मग आणखी घरांतून तेच होऊ लागलं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते उपोषण थांबलं.

सिस्टर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पांघरूण अंगाला टेकू नये म्हणून त्याच्यावर सांगाडा ठेवलाय, बघितलंत? आम्ही भाजलेल्या पेशंटला ठेवतो तसा. चादरीचंही ओझं होतं तेव्हा. आणि तो धूसर बघतो ना, ते खरं आहे. जीवनसत्त्व संपतं, आधी डोळे फिरायला लागतात, मग दिसेनासं होतं. चरबी संपली की शरीर स्नायू खातं, आणि हृदय हाही स्नायूच.” थोडं थांबून, “हे माहीत असून माझा हात आवरला असता का, मला नाही सांगता यायचं.”

यानंतर बोलले ते निवृत्त तुरुंगाधिकारी. त्यांची नोकरी राज्यातल्या वेगवेगळ्या तुरुंगांत झालेली. ते आमचे जुने सभासद आहेत, पण चर्चेत कधी तोंड उघडत नाहीत. त्यांना एकाच दृश्यावर बोलायचं होतं. कैदी कोठड्यांच्या दारांखालून लघवी बाहेर सोडतात आणि एक माणूस त्या लांबलचक बोळात जंतुनाशक ओतून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाडूनं सगळं लोटत येतो. न कापता दाखवलेलं ते दृश्य काहींना कंटाळवाणं वाटलं होतं. “ते कापलं नाही हे चांगलं केलं,” साहेब म्हणाले. “बंदी भिंत माखतो, सरकार अडून बसतं, आणि दोघांच्यामध्ये एक माणूस बोळ धूत असतो. ड्यूटी संपल्यावर घरी जाऊन पहिल्यांदा हात धुतो. पिक्चर सुरू होतो तोच हात धुण्यापासून. मी तिथेच ओळखलं, हे माणसानं बघून केलेलं आहे.” विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, तुमच्याकडे कुणी जेवण सोडलं तर?” ते म्हणाले, “ताट आत ठेवायचंच. तसंच परत आलं की नोंद. रोज वजन. डॉक्टरांना कळवायचं. आणि त्याच्याशी बोलायला कोण जाईल ते ठरवायचं. बोलायला गेलेल्या माणसावर पुष्कळ असतं, बाळा.”

मला त्या संध्याकाळचं सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच. ज्यांनी हातानं हे काम केलंय, त्यांनी बरोबर-चूक विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, कुणी उचललं, कुणी धुतलं, नळी का नाही. आणि त्या साध्या प्रश्नांतूनच राजकारण जास्त स्वच्छ दिसू लागलं. कैद्याच्या शरीरावर हक्क कुणाचा, हा मेझमधला सगळा झगडा होता.

तेव्हा मी टिपणाचं दुसरं पान उलटायला सांगितलं. त्यावर दोन मागण्यापत्रं शेजारी शेजारी छापली होती. मेझच्या पाच मागण्या: तुरुंगाचा गणवेश नको, तुरुंगाचं सक्तीचं काम नको, एकमेकांत मिसळायची आणि शिकायची मोकळीक, आठवड्याला एक भेट, एक पत्र आणि एक पार्सल, आणि गमावलेली शिक्षेतली सूट परत. दुसऱ्या बाजूला 1929च्या लाहोर तुरुंगातल्या भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांच्या मागण्या: बरं अन्न, कपडे, पुस्तकं, वर्तमानपत्रं, सक्तीची मजुरी नको, राजकीय कैदी म्हणून वागणूक. विद्यार्थी एकदा हे वाचत होता, एकदा ते. त्या साथीदारांपैकी जतींद्रनाथ दास हे नाव त्यानं ऐकलं नव्हतं. त्यांनी 13 जुलै 1929 पासून अन्न घेतलं नाही, बळजबरीनं नळीतून दूध देण्याच्या झटापटीत त्यांच्या फुप्फुसाला इजा झाली, आणि 13 सप्टेंबरला, 63व्या दिवशी, ते गेले. वय 24. त्यांच्या मृत्यूनंतर आयर्लंडहून सहवेदनेची तार आली होती, टेरेन्स मॅक्स्विनींच्या घरून. मॅक्स्विनी कॉर्क शहराचे महापौर. 1920 साली ब्रिक्स्टन तुरुंगातच 74 दिवसांच्या उपोषणानंतर गेलेले.

शेवटच्या रांगेतल्या त्या तरुणीनं तेव्हा विचारलं, “म्हणजे त्या तार पाठवणाऱ्यांच्याही घरात कुणीतरी समोर वाढलेलं अन्न नाकारलं होतं?” मी हो म्हटलं. “मग त्यांनाही राग आला असेल,” ती म्हणाली. सिस्टरनी मागे वळून तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

पुढच्या आठवड्यात सिस्टरांचा फोन आला. त्यांच्या नर्सिंग कॉलेजच्या मुलींना हा चित्रपट दाखवायचा आहे, पण वेळ कमी असतो, तर शेवटचा अर्धा तास तेवढा दाखवता येईल का? मी नाही म्हटलं. माखलेल्या भिंती, लाठ्यांच्या रांगा आणि पाद्र्याशी झालेला वाद काढून टाकला तर खाटेवर उरतो तो फक्त एक कुपोषित पेशंट, आणि त्याला नळी का नाही हा प्रश्नच पडत नाही. दीड तासाच्या वर थोडा वेळ आणि नंतर तासभर बोलायला, एवढी दुपार द्या म्हटलं. त्यांनी प्राचार्यांशी बोलून शनिवार मिळवलाय. तुरुंगाधिकारी साहेब यायला तयार आहेत. टिपणाच्या प्रती या वेळी जास्त काढायला सांगितल्यात, आणि त्यात टोकियो जाहीरनाम्यासाठी एक पान वाढवलंय.