अभ्र्यावरचं अभ्र

बेल्जियन चित्रकार रेने माग्रितच्या चित्रातलं ढगाळ आभाळ उशीवर आलं की अभ्र आणि अभ्रा यांची एकदाची गाठ पडते. पण विणकराला विचाराल तर सगळ्यात अवघड तेच. कुंचल्याने निळ्यात पांढरा मिसळता येतो. मागावर धागा आहे त्याच रंगाचा राहतो. अशा जॅकार्ड, म्हणजे मागावरच चित्र विणलेल्या, कापडाच्या ताण्यात (उभ्या धाग्यांत) बहुधा सहा-आठच रंग असतात. छटा हवी तर निळ्या-पांढऱ्या टाक्यांचे ठिपके शेजारी-शेजारी पेरायचे आणि मिसळायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचं. पेरणी चुकली की आभाळात पायऱ्या दिसतात.

त्यामानाने माग्रितचं १९५३चं 'गोलकोंडा' सोपं. हो, नाव आपल्या दख्खनच्या गोवळकोंड्याचंच! आभाळभर टांगलेली गोल टोपीवाली माणसं. गडद कोट, ठसठशीत कडा.

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळं (१९३१) सगळ्यांच्या ओळखीची, पण मूळ चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटर. नेहमीचा अभ्रा ४५ बाय ४५, म्हणजे उशीच चित्रापेक्षा मोठी. आडवं चित्र चौकोनात बसवताना बाजू कापाव्या लागतात. उजवीकडचे कडे थोडे गेले तर चालतं. डावीकडचं मुंग्या लागलेलं केशरी घड्याळ गेलं तर मग उरलं काय?

घेताना अभ्रा उलटा करून बघावा. विणलेला असेल तर आत रंगांची अदलाबदल आणि मोकळे तरंगणारे धागे दिसतात. छापलेल्याची मागची बाजू फिकट, नाहीतर कोरीच. पैठणीच्या पदरावरचा मोर मात्र यातला नव्हे. हातमागावरच्या अस्सल पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) त्याच्या जागेपुरताच फिरतो, म्हणून ती दोन्हीकडून जवळजवळ सारखी दिसते.

नुसतं कापड आणून शिवणार असाल तर चारी बाजूंना दीड सेंटिमीटर शिलाई सोडा आणि चेन लावण्याआधी कडांना ओव्हरलॉक मारून घ्या. हे कापड कापल्या कापल्या उसवायला लागतं. चेन खालच्या कडेला, ४० सेंटिमीटरची. आत उशी ५० ची घाला. ४५ ची घातलीत तर कोपरे रिकामे लोंबतात आणि टोपीवाल्याचं पोट खपाटीला जातं.

धुताना अभ्रा उलटा करून, गार पाण्यात. सुती ताणा आणि पॉलिएस्टर बाणा असेल तर गरम पाण्यात सूत आटतं, पॉलिएस्टर आटत नाही आणि सपाट आभाळाला चुण्या पडतात. इस्त्रीही उलट्या बाजूनेच.

बांगडीत किंवा मांजराच्या नखात धागा अडकून वर आला तर कात्री लावू नका. कापलेल्या जागी वीण सुटत जाते. जाड सुईने तो मागे ओढून घ्या.